तुम्ही एकटे आत गेला नव्हतात

अहो, काल तुमचा सत्कार होता आणि मी तो घेतला नाही. भरल्या सभागृहात, स्टेजवर उभी राहून नाही म्हणाले. शाल खांद्यावर यायच्या आधीच मी हात आडवा धरला. आता इथे क्वार्टर्समध्ये आणि तिकडे चांदवडला तुमच्या भावकीत सकाळपासून एकच विषय आहे, की विलासच्या बायकोचं डोकं फिरलं. फिरू दे. तुम्ही गेल्यापासून जो येतो तो मला 'सावरा' म्हणतो, 'देवाची मर्जी' म्हणतो. 'भांडा' असं एकाही माणसाने म्हटलं नाही. ते माझं मीच ठरवलं.

सगळं पहिल्यापासून सांगते. ड्यूटीवरून आलात की तुम्ही बूट काढत बसायचात आणि मी दिवसभराचं सांगत सुटायचे. तुमचं आपलं 'हं, हं' चालायचं. निम्मं तुम्ही ऐकत नव्हतात हे मला ठाऊक होतं, तरी सांगायचे. आता तेवढं 'हं' म्हणायलाही घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसले.

पुरस्काराचा आपला वाद काही आजचा नाही. गोदावरीला तो मोठा पूर आला, तेव्हा तुम्ही पंचवटीतल्या एका गल्लीतून दोर लावून माणसं बाहेर काढली होतीत. कुठल्याशा मित्रमंडळाने तुम्हाला शाल-नारळ दिला. नारळाची मी चटणी केली, आणि शाल तुम्ही अग्निशमन केंद्रातल्या कुत्रीखाली अंथरलीत, तिला पिल्लं झाली होती म्हणून. काय ओरडले होते मी! म्हटलं, लोकांच्या नवऱ्यांचे फोटो पेपरात येतात आणि आमच्याकडे सत्काराच्या शालीवर कुत्री बाळंत होते. तुम्ही इतके हसलात की शेवटी खोकल्याची उबळ आली आणि मलाच पाणी आणून द्यावं लागलं.

मी म्हणायचे, साहेबांना सांगा की, पदकासाठी नाव पाठवा म्हणून. तोंड उघडायला काय जातं? तुम्ही म्हणायचात, "सुमन, पदक एकाच्या छातीला लावतात. आत दोघं जातात." मी म्हणायचे, मग दोन मागा. "देतील का?" मागून तर बघा! इथे तुम्ही हमखास विषय बदलायचात. भाजीत मीठच कमी निघायचं, नाहीतर नळाला पाणी आलं का बघायला उठायचात. हा वाद आपला असाच लोंबकळत राहिला. काल तो मी पुढे नेला, आणि तुमची बाजूही मलाच मांडावी लागली.

'आत दोघं जातात' म्हणजे काय, हे लग्नानंतर कितीतरी वर्षं मला कळलं नव्हतं. मग एका रामनवमीला आपण पंचवटीत गेलो होतो. पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. तुम्ही मागून माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि तसेच चालायला लागलात. मी लाजेने अर्धी. अहो, हात काढा, लोक बघताहेत! तर तुम्ही म्हणालात, "धुरात असंच चालतात. पुढच्याच्या हातात नुसता पाइप असतो. मागच्याच्या हातात पुढचा असतो." आणि देवळापर्यंत हात काढला नाहीत. मी तोंडाने कुरकुरत होते खरी, पण मला ते फार आवडलं होतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

गेली काही वर्षं धुरात तुमच्या मागे भटू असायचा. नामपूरकडचा, चांगला दोन पोरींचा बाप, ठेकेदाराकडून केंद्रात आलेला. तुम्हाला आप्पा म्हणायचा, मला वहिनी. दारातूनच विचारायचा, "काय वहिनी, चहा शे का?" आणि तुम्ही त्याच्या त्या अहिराणी 'शे'ची नक्कल करायचात. कामाला तुम्ही दोघं सारखेच, फक्त तुम्ही कायम आणि तो कंत्राटी. मी स्वतः अंगणवाडीत मानधनावर आहे, त्यामुळे असल्या नोकरीची गंमत मला कोणी समजावून सांगायला नको. काम करून घेताना आपण घरचे, आणि फोटो काढायची वेळ आली की 'तुम्ही जरा बाजूला व्हा.'

त्या दुपारी वर्दी आली, म्हणजे आगीची खबर आली, ती द्राक्षं भरायच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या गोदामाची. आत काय झालं ते मला भटूने सांगितलं. सावडून आल्यावर सगळे आत बसले होते आणि हा बाहेर पायरीवर. घरात ये म्हटलं तर येईना. मी माझा चहा घेऊन त्याच्याशेजारी पायरीवर बसले. बायका खिडकीतून बघत होत्या, बघू दिलं.

"आम्ही जोडीनं गेलो वहिनी," तो म्हणाला. "पार मागं, मोरीजवळ दोन कामगार पडेल व्हते. आप्पा म्हणे, तू याला घेऊन पुढं हो, मी दुसऱ्याला घेऊन आलोच. मी म्हटलं, जोडी सोडायची नाही आप्पा. तर केवढ्यानं खेकसले माझ्यावर. म्हणे, ऑर्डर शे, निघ."

पाणी प्यायलेला पुठ्ठा दगडासारखा जड होतो, हे मला तुम्हीच कधीतरी सांगितलं होतंत. भिजलेली अख्खी थप्पी तुमच्या अंगावर आली. ती पडता पडता तुम्ही त्या दुसऱ्या कामगाराला पुढे ढकललंत. भटूने पहिल्याला दाराबाहेर टाकलं आणि पाइप चाचपडत तो परत आत गेला. दुसऱ्याचा हात त्याच्या हाताला लागला, त्याला ओढत बाहेर आणलं. तुमच्यासाठी तो तिसऱ्यांदा आत निघाला, तेव्हा बाकीच्यांनी त्याला धरून ठेवलं. त्याच्या दोन्ही दंडांवर त्यांच्या बोटांचे काळेनिळे वळ उठले होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

खरं सांगू? मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे. जन्मभर जोडी, जोडी करून माझं डोकं खाल्लंत आणि नेमकी त्या दिवशी जोडी तुम्हीच सोडलीत. नसती सोडली तर तुम्ही आज इथे बसून 'हं, हं' करत असता. आणि ते दोन कामगार गेले असते, हेही मला कळतं. त्यांनाही बायका असतील. कळलं म्हणून राग थोडाच जातो? लोक फोटोसमोर उदबत्ती लावतात आणि हात जोडतात. मी उदबत्ती लावते आणि तुम्हाला दोन शब्द सुनावते, मग कामाला लागते.

पण बाहेर लोकांनी वेगळीच गोष्ट पसरवली होती. दोघं आत गेले, एक परत आला, म्हणजे तो पळाला. झालं! एवढा सोपा हिशेब. तुमच्या दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भटू जरा लांब, पायऱ्यांच्या कडेला उभा होता. तुमच्या धाकट्या भावाने, आपल्या भाऊसाहेबांनी, त्याच्याकडे बघून मोठ्याने म्हटलं, "त्यो आलाय ना, म्हनून शिवत नाय. भावाला सोडून पळाला त्यो." सगळा घाट ऐकत होता. भटूने मान खाली घातली आणि भाजीबाजाराकडे चालायला लागला.

मी म्हटलं, भाऊजी, रामकुंडावरचे कावळे पहाटेपासून भात खाताहेत, त्यांची पोटं भरलीत. उगाच दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडू नका. थोड्या वेळाने शिवला की कावळा! पण बोललेलं बोलून झालं होतं. गावी जाऊन भाऊजींनी सासूबाईंनाही तेच सांगितलं. त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून ओरडून सांगितलं, म्हणजे अख्ख्या आळीला कळलं.

मग एके दिवशी भटू दारात आला. चहा मागितला नाही. म्हणाला, "वहिनी, नोकरी सोडून देतो. नामपूरला मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलीन. इथं जो तो तोंडाकडं बघतो. काल मोठी पोर इचारत व्हती, पप्पा, तुम्ही पळाले का?" मी न मागताच चहा टाकला.

आणि नेमकं तेव्हाच ते सत्काराचं आलं. शहरात एक मंडळ आहे, ते दरवर्षी शौर्य गाजवलेल्या फायरमनांना पुरस्कार देतं. यंदा तुम्हाला, मरणोत्तर. दोन पदाधिकारी मानपत्र दाखवायला घरी आले. सोनेरी वेलबुट्टी, लाल मखमल. भले लोक होते हो, चपला बाहेर काढून आले. एकाने उभं राहून वाचलं, 'प्राणांची पर्वा न करता एकट्याने धगधगत्या ज्वाळांत उडी घेऊन दोन जीव वाचवले.'

मी म्हटलं, हे 'एकट्याने' चूक आहे. काढा.

ते हसले. "ताई, मानपत्रात असंच लिहितात. ऐकायला बरं वाटतं."

"कोणाला?" मी विचारलं. ते म्हणाले, माहिती केंद्राकडून आलीये, साहेबांना विचारा.

केंद्रातल्या साहेबांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग आवाज खाली करून म्हणाले, "वहिनी, कंत्राटी माणसाने आत जायचंच नसतं. कागदोपत्री तो बाहेर बंबापाशी होता. आत होता म्हटलं तर वरून विचारतील, का होता?"

"विचारू देत की. इतकी वर्षं तो का जात होता, हे मलाही ऐकायचंय."

"तुम्ही आत्ता दुःखात आहात."

"दुःखात आहे साहेब. बहिरी झालेले नाही."

ते 'बघतो' म्हणाले. सरकारी असो की खाजगी, 'बघतो' म्हणजे काय ते मला माहीत आहे. आमच्या अंगणवाडीचं गळकं छप्पर किती वर्षं 'बघताहेत.' पण घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. तुम्ही एकटे आत होतात असं एकदा मखमलीवर लिहिलं गेलं, की भटू बाहेर होता हे पक्कं झालं. मग त्याच्या पोरीला कोण कशाला पटवून देणार? तुमच्या नावाचं सोनं करायला त्या माणसाला काळं फासायचं, आणि वरून मी ते दोन्ही हातांनी घ्यायचं. जमणार नाही म्हटलं.

काल सभागृहाच्या दारात बंब उभा होता. मोठा कार्यक्रम असला की बंदोबस्ताला एक गाडी उभी करतात, तुम्ही स्वतः कितीदा अशा कार्यक्रमांना बाहेर ताटकळलात. गाडीवर कोण होतं सांगा? भटू! आत त्याच्या आप्पाचा सत्कार आणि हा बाहेर ड्यूटीवर. त्या महिन्यापुरता राहिला होता, नंतर जाणार होता. मला बघून त्याने सलाम ठोकला आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

आत पहिल्या रांगेत भाऊजी, नवं धोतर नेसून. सन्मानचिन्ह गावी नेऊन बैठकीत ठेवायचं त्यांचं ठरलं होतं. पलीकडे वाचलेले दोन्ही कामगार आणून बसवले होते, त्यांना गुलाबाची फुलं दिली होती. दोन-चार सत्कार झाले. त्या फायरमनांना टाळ्या मिळाल्या, मीही मनापासून वाजवल्या. उगाच कशाला नाही म्हणू? त्यांच्या म्हाताऱ्या आया डोळे पुसत होत्या, चांगलं वाटत होतं. मग तुमचं नाव पुकारलं. निवेदिकेने आवाज भरून आणून वाचलं आणि आलंच ते, 'एकट्याने.' एक अक्षर बदललं नव्हतं.

पाहुणे शाल घेऊन पुढे आले आणि मी हात आडवा धरला. माइक जवळच होता.

म्हटलं, "माफ करा, हे माझ्या मिस्टरांबद्दल नाहीये. ते कधीच एकटे आत गेले नाहीत. एकटा आत जाणाऱ्या फायरमनला ते शूर नाही, बावळट म्हणायचे. तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर बावळट म्हणताय आणि वर शाल देताय. त्यांच्यासोबत भटू आत होता. दोनदा गेला. आत्ता बाहेर तुमच्याच बंबावर उभा आहे. त्याचं नाव लिहा, मी आनंदाने घेते."

भाऊजी जागेवरून म्हणाले, "वैनी, आवं काय लावलंय हे, खाली या." साहेब पाहुण्यांच्या कानाला लागले. पाहुणे समजूतदार, म्हणाले, ताई, भावना समजतो, आत्ता स्वीकार करा, दुरुस्ती मागाहून करू. मी म्हटलं, आधी दुरुस्ती करा, मग बोलवा. चालत येईन.

तुम्हाला वाटेल ही वाघीण. कसली वाघीण, साडीच्या निऱ्या घट्ट धरून उभी होते. तेवढ्यात पहिल्या रांगेतून तो दुसरा कामगार उठला. इरफान नाव त्याचं, मालेगावचा. हातात ते गुलाबाचं फूल तसंच. म्हणाला, "साब, एक बात बोलू? अंदरवाले साहब ने मेरे को धक्का दिया, अल्ला उनको जन्नत दे. मगर मेरा हाथ पकडके जिसने खींचा, वो बाहरवाला है. मैं आते टाइम पहचाना उसको. उसको क्यों नहीं बुलाया?"

मी त्याला हात जोडले आणि स्टेजवरून उतरले. सन्मानचिन्ह टेबलावर राहिलं. मी सरळ दाराकडे चालत गेले. मागून चपलांचा आवाज येत होता. मला वाटलं आता भाऊजी चारचौघांत माझी शोभा करणार.

बाहेर कर्णा लावलेला होता. भटूने सगळं ऐकलं होतं. तो बंबाकडे तोंड करून उभा होता आणि उगाचच कापडाने दरवाजा पुसत होता. भाऊजी मला ओलांडून पुढे गेले, त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तू परत आत गेलता?"

"गेलो व्हतो."

"मंग दहाव्याला बोलला का नाय?"

भटूने कापड खाली ठेवलं. "काय बोलू भाऊ? आप्पा मना मांगे व्हतात," तो म्हणाला. "मना मांगेच व्हतात." आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. आप्पा माझ्या मागेच होते, हे त्याच्या बोलीतच आलं. तुमच्याकडे त्याने मराठी कितीही घोटली असली, तरी रडताना ती पुरली नाही.

भाऊजींचं तोंड पाहवत नव्हतं. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "उद्या सुटी टाक. चांदवडला चल माझ्यासंगं. आईला तू सांग, आन आईपुढं मी माझ्या तोंडानं सांगतो का मी खोटं बोललो. मोठ्यानं सांगावं लागंल, तिला आयकू येत नाय. आळीला बी कळंल. कळू दे."

आज सकाळच्या एसटीने दोघं गेले. भाऊजींनी भटूच्या मोठ्या पोरीलाही बरोबर घेतलं. ती बापाचा हात धरून निघाली. मी त्यांना डबा दिला.

दुपारी साहेबांचा फोन आला. म्हणाले, वहिनी, मंडळवाले 'एकट्याने' काढायला तयार आहेत. सहकाऱ्यांच्या मदतीने असं घालतील, पण नाव मात्र घालता येणार नाही, तेवढं समजून घ्या. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, जाऊ दे सुमन, अर्धं तर दिलं त्यांनी. हे अर्ध्यावर खूश व्हायचं तुमचं मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही. मी फोनवर म्हटलं, साहेब, सहकाऱ्यांना आई-बापांनी नावं ठेवलेली असतात. ते लिहा, तोवर ते चिन्ह तुमच्या कपाटात राहू दे, मला घाई नाही. आणि फोन मी ठेवला, त्यांनी नाही.

तुमच्यावरचा राग आहे तो आहे. तुमची आठवण येते तीही येते, स्वयंपाक करताना तर फार. दोन्ही मी बघून घेईन. पण तुम्ही शूर होतात आणि तुमच्याबरोबर भटू होता, ही दोन वाक्यं एकाच कागदावर येईपर्यंत मी हात पुढे करणार नाही.